बुजवलेला ओठ

मित्रांनो, मी एक जुना मेणाचा गोळा आहे. गोळा म्हटलं की तुम्हाला काहीतरी गोल डोळ्यांसमोर येईल, पण मला नाक आहे, मिटलेले डोळे आहेत, एक कान धड आहे आणि दुसरा उन्हानं खाली ओघळलेला आहे. वरच्या ओठात एक चीर आहे. घरी आलेले पाहुणे मला बघून नजर फिरवतात. एका शेजारणीनं तर "हे काय भलतंच ठेवलंय?" असं माझ्या तोंडावर विचारलं होतं. मेणाला काय कळतंय, असं तिला वाटलं असणार. कळतं सगळं, पण आजवर मला कुणी विचारलं नाही. तुम्ही ऐकताय तर सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. थोडं मधमाश्यांचं मेण, बरंचसं खनिज तेलातून निघालेलं मेण आणि हिरड्यांसारखा दिसावा म्हणून घातलेला गुलाबी रंग, एवढीच माझी कुळकथा. आम्हा भावंडांना पातळ पातळ कापून खोक्यात भरलं आणि एका इस्पितळात दातांच्या विभागात पाठवून दिलं. तिथे कवळ्या बनवणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना कवळीबाई म्हणत. स्वतःच्या दोन दाढा किडलेल्या असून त्या येईल त्याला दात कसे घासावेत ते सांगत बसायच्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण हात मात्र सोन्यासारखा.

कवळीत मेणाचं काम काय असतं, माहीत आहे का? आधी आमच्यावर दात बसवून बघतात. मग सगळं प्लास्टरमध्ये दाबतात आणि वरून उकळतं पाणी ओततात. दात राहतात आणि मेण वाहून जातं. माझे सगळे भाऊ असेच मोरीतून गेले. मी वाचलो, कारण मी उरलेल्या तुकड्यांचा झालो होतो. कवळीबाईंना काही टाकून द्यायचं जिवावर यायचं. त्या कापलेले तुकडे एका पत्र्याच्या डब्यात टाकत, आणि तुकड्याला तुकडा चिकटत चिकटत माझा दोन मुठींएवढा गोळा झाला.

आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडे सोनोग्राफीची खोली होती. भिंत पातळ होती, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू यायचं. पडद्यावर पोटातलं बाळ दिसलं की घरची माणसं कशी हरखून जायची! "नाक बघ, थेट आजोबांचं!" "अगं, अंगठा चोखतंय!" असा गलका रोजचाच होता. एके दिवशी असाच गलका झाला आणि मागून एका बाईचा आवाज आला, "मलाही कुणी सांगाल का?" तिला दिसत नव्हतं. पोटात बाळ तिच्या, आणि ते कसं आहे ते तिच्याशिवाय सगळ्यांनी पाहिलेलं. कवळीबाईंच्या हातातली सुरी थांबली. त्यांनी डबा उघडला, मला गरम पाण्यात बुडवून मऊ केलं आणि त्या तशाच पलीकडे गेल्या. पडद्याकडे बघत बघत त्यांनी माझं नाक काढलं, गाल फुगवले, हनुवटी ओढली आणि मला त्या बाईच्या हातात दिलं. तिनं बोटं फिरवली. मग म्हणाली, "कपाळाला आठ्या आहेत. वडिलांवर गेलंय." सगळे हसले, आणि ती रडली.

तेव्हापासून माझं काम बदललं. दृष्टी नसलेली कुणी गरोदर बाई तपासणीला आली की सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई भिंतीवर टकटक करत आणि कवळीबाई मला घेऊन निघत. बाईनं हात लावून घेतला, मन भरून ओळख करून घेतली, की मी पुन्हा गरम पाण्यात जाई आणि तो चेहरा पुसला जाई. पुढच्या वेळी नवं नाक, नवी हनुवटी. काही बाया नाकावर इतक्या वेळा बोट फिरवत की ते सपाटच व्हायचं. "झालं, पुसलंत लेकराचं नाक!" असं म्हणत कवळीबाई ते पुन्हा ओढून काढत. वर्तमानपत्रात आमचा फोटोही आला. पुढे डॉक्टरीणबाई, मागे अर्ध्या झाकलेल्या कवळीबाई, आणि त्यांच्या तळव्यावर मी. मी फुशारलो नव्हतो असं नाही. मोरीतून जायच्या लायकीचा माल पेपरात छापून आला, म्हणजे थोडं तरी फुगायला होतंच.

मग ती आली. ती कपबश्यांच्या कारखान्यात कामाला होती. भट्टीतून निघालेल्या कपाच्या कडेवरून बोट फिरवायचं, टवका उडालेला असेल तर तो कप बाजूच्या टोपलीत टाकायचा, चांगला असेल तर पुढे सरकवायचा, हे तिचं काम. डोळस बायकांच्या नजरेतून सुटलेला टवका तिच्या बोटाखालून सुटत नसे. कारखान्यात तिला कडेवाली म्हणत, आणि तिलाही ते नाव आवडायचं. नवरा एका दुकानाची गाडी चालवायचा. माणूस भला होता, पण दोन माणसं बोलत असली की तिसरा शब्द त्याच्या तोंडून निघत नसे. त्याच्यासाठी बोलायला त्याची थोरली बहीण होती. तिनं आपली तीन पोरं वाढवली होती आणि जगातलं कुठलंही पोर आपल्याला वाढवता येतं, अशी तिची खात्री होती.

पोटातलं बाळ फार ढुशा द्यायचं, म्हणून कडेवाली त्याला ढुशी म्हणायची. पहिल्या खेपेला बाळानं तोंडावर हात धरला होता, त्यामुळे मला फक्त कपाळ, एक कान आणि पाच इवली बोटं मिळाली. "लाजतेय," कडेवाली म्हणाली. "पुढच्या वेळी बघू कशी लपवते तोंड."

पुढच्या वेळी बाळानं हात काढला होता. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत राहिल्या. वरच्या ओठात नाकापर्यंत गेलेली चीर होती. टाळूही दुभंगलेली असावी, असं त्यांना वाटलं. मित्रांनो, अशी पुष्कळ बाळं जन्माला येतात. पुढे ओठ शिवता येतो, टाळूही शिवता येते. पण हे सांगायला डॉक्टरीणबाई कुणाशी बोलल्या असतील? जिचं बाळ तिच्याशी नाही. त्या नवऱ्याला आणि नणंदेला घेऊन बाहेर गेल्या. त्या कडेवालीशी नेहमी असंच वागत. "त्यांना उठून बसायला सांगा," असं नवऱ्याला सांगत, जणू तिला ऐकूही येत नव्हतं. बाहेर त्यांनी घाईघाईत सगळं सांगितलं. जन्मल्यावर बाळाला उभं धरून, वेगळ्या बाटलीनं, अगदी सावकाश दूध पाजावं लागेल, नाहीतर ते श्वासाच्या नळीत जाईल. आईनं हे आधीच येऊन शिकून घ्यावं. "तुम्ही त्यांना नीट सांगाल ना?" असं विचारून त्या पुढच्या पेशंटकडे वळल्यासुद्धा.

इकडे कवळीबाईंनी पडद्यावर दिसलं तसं मला करून आमच्या खोलीत आणलं होतं. ओठावर नखानं चीर पाडली होती. कडेवाली पलीकडे पोट पुसत होती. तेवढ्यात नणंद भावाला घेऊन आली, तिनं कवळीबाईंचा हात धरला आणि आवाज अगदी खाली आणला.

"अहो बाई, तेवढं बुजवा."

"काय?"

"ते ओठाचं. आमची वहिनी दिवसभर टवके उडालेले कप टोपलीत टाकते. हे तिच्या हाताला लागलं तर तिचं काय होईल? जेवणखाण सोडेल. अजून दोन महिने काढायचेत तिला."

"पण दूध पाजायचं शिकायला हवं ना त्यांनी..."

"ते मी बघते. तीन वाढवलीत मी. आणि नंतर शिवणारच आहेत ना? मग आत्तापासून कशाला जिवाला घोर?"

कवळीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. "ताई म्हणते ते..." एवढं बोलून तो थांबला. कवळीबाईंनी अंगठा गरम पाण्यात बुडवला आणि माझ्या ओठावरून फिरवला. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये म्हणतात. माझ्या वाट्याला अंगठा आला. मला तोंड होतं, पण ओरडायची सोय नव्हती.

कडेवालीनं मला हातात घेतलं. कपाळ, भुवया, नाक, सगळं सावकाश पाहिलं. ओठाशी तिचं बोट थांबलं. ते मागे गेलं आणि परत आलं.

"इथं फार गुळगुळीत लागतंय. बाकी सगळीकडे तुमच्या बोटांचे वळ आहेत, इथं नाहीत."

"बाळाचा ओठ आहे तो," कवळीबाई म्हणाल्या. "गुळगुळीतच असणार."

"असेल," ती म्हणाली. मग तिनं मला घरी न्यायला मागितलं. मला आजवर कुणालाही घरी दिलं नव्हतं. पण त्या दिवशी कवळीबाईंना नाही म्हणायचं धैर्य झालं नाही. तिनं मला कपांच्या खोक्यात, कागदाच्या कातरणात ठेवून नेलं.

तिच्या घरातले ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे, आणि मला ते आठवायलाही नको वाटतात. कामावरून आली की ती हात धुऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. एक हात पोटावर, एक माझ्यावर. बाळानं ढुशी दिली की माझ्या गालावर टिचकी मारायची. "थांब, बाहेर ये, मग बघते तुला." कारखान्यातल्या गमती सांगायची, मुकादमाची नक्कल करायची. माझ्या ओठांवर बोट ठेवून म्हणायची, "या तोंडानं तू मला पहिली शिवी देशील बघ." तिला माझा चेहरा इतका पाठ झाला होता की नुसत्या करंगळीनं ती डोळा कुठला आणि गाल कुठला ते सांगायची. नवरा समोर बसून बुटांना पॉलिश करत राहायचा. एकदा ती झोपली असताना त्यानं उठून माझं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. सकाळी तिनं ते परत सरळ केलं. त्याला वाटे ताई सांगेल, ताईला वाटे डॉक्टरीण सांगेल, आणि डॉक्टरीणबाईंच्या लेखी तर ते कधीच सांगून झालं होतं.

मग ती वेळ आली. इस्पितळात जाताना तिनं मला सोबत घेतलं आणि उशीखाली ठेवलं. मुलगी झाली. पुसून, गुंडाळून बाळ तिच्या कुशीत दिलं. मी उशीखालून ऐकत होतो. तिनं कपाळावरून हात फिरवला आणि ती हसली. भुवया, नाक. मग हसणं थांबलं. तिचं बोट चिरेत गेलं होतं.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

नर्सला वाटलं, थकव्यानं बोलतेय. पण तिनं बाळ दोन्ही हातांनी पुढे धरलं. "बाई, हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे. तिची आई शोधत असेल. माझं बाळ मला माहीत आहे. हे बघा." आणि तिनं मला उशीखालून काढून त्यांच्या समोर धरलं. "हे बघा तिचं तोंड! सगळ्या पाळण्यांत बघा, अशी कुठे आहे!"

मित्रांनो, तेव्हा मी वितळून गेलो असतो तर बरं झालं असतं. पण मेण मनाला येईल तेव्हा वितळत नाही.

तिनं बाळ घेतलं नाही. तान्हं पोर कुठेही रडलं की ती उठून बसायची आणि "ती बघा, ती माझी!" असं सांगायची. पलीकडच्या खाटांवरच्या बाया आपापली बाळं जवळ ओढून घेऊ लागल्या. ही वेडी झाली, असं कुजबुजणं सुरू झालं. नवऱ्यानं तिच्यापाशी बसून तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. नणंद म्हणाली, "धक्का बसलाय तिला. येईल हळूहळू ताळ्यावर." आणि बाळ तिनं आपल्या मांडीवर घेतलं. नर्स उभं धरून बाटलीनं पाजायला सांगून गेली होती. पण बाटलीनं फार वेळ लागत होता, बाळ भुकेनं कासावीस झालं होतं, आणि नणंदेनं आपली तिन्ही पोरं मांडीवर आडवी घेऊन चमच्यानं पाजून वाढवली होती. तिनं मायेनंच पाजलं, मी ते नाकारत नाही. दूध श्वासाच्या नळीत गेलं. बाळ निळं पडलं, खोकलं, जरा सावरलं. दुसऱ्या दिवशी छाती भरली आणि त्याला काचेच्या पेटीत हलवावं लागलं.

कवळीबाईंना हे कळलं तेव्हा त्या हातातली कवळी तशीच ठेवून धावत आल्या. खाटेपाशी आल्या आणि एका दमात म्हणाल्या, "बाळ तुमचंच आहे हो. ओठ मी बुजवला होता. पडद्यावर चीर होती, मी अंगठा फिरवला."

नणंद म्हणाली, "मी सांगितलं त्यांना. तुझ्याच भल्यासाठी."

नवरा खाटेखालच्या चपला नीट लावत बसला.

कडेवालीनं मला हातात घेतलं. माझ्या वरच्या ओठावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. "आमच्याकडे काही जणी टवक्यात लुकण भरून कप पुढे सरकवतात," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मला ते कळतं. बुजवलेली कड जास्त गुळगुळीत लागते. मला हेही कळलं होतं. तुम्ही म्हणालात बाळाचा ओठ आहे, म्हणून मी माझ्या बोटाला खोटं पाडलं." मग तिनं विचारलं, "मी रोज बोलत होते ती कोण होती मग?"

ते बाळ कुठेच नव्हतं. ते फक्त माझ्यावर होतं. आणि जे खरं होतं, ते आईवाचून चार दिवस परक्या मांड्यांवर पडलं होतं.

तिला पेटीपाशी नेलं. बाजूच्या गोल भोकातून तिनं हात आत घातला. मला तिनं दुसऱ्या हातात धरलं होतं, त्यामुळे मी हे जवळून पाहिलं. तिनं कपाळ पाहिलं, भुवया, नाक. मग चिरेच्या दोन्ही कडा, अलगद, कप पाहायची तशा. बाळानं तोंड हलवलं आणि त्या फाटक्या ओठांनी तिचं बोट धरायचा प्रयत्न केला. धरता येत नव्हतं. ते सुटायचं आणि बाळ पुन्हा धरायचं.

"ढुशे," ती म्हणाली, "मी तुला ओळखलं नाही गं."

संध्याकाळपर्यंत ती तशीच उभी होती. कुणीतरी खुर्ची दिली, ती बसली नाही. तिन्हीसांजेला बाळाचं तोंड तिच्या बोटावरच थांबलं. डॉक्टर आले तेव्हाही तिनं हात काढला नाही. तिला सांगायची गरज नव्हती. ते तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

घरी आल्यावर तिनं मला गरम पाण्यात घातलं. मला वाटलं, आता माझा चेहरा जाणार, आणि मला बरंच वाटलं. पण तिनं मला पूर्ण मऊ होऊ दिलं नाही. कवळीबाई दारात येऊन उभ्या होत्या, "मी करून देऊ का?" असं विचारत होत्या. "नको," ती म्हणाली. "तुम्ही हात लावू नका." तिनं माझ्या ओठावर अंगठ्याचं नख ठेवलं आणि चीर उघडली. एका बाजूची कड जराशी वर वळलेली होती, ती तिनं तशीच वळवली. नाकपुडी थोडी चपटी होती, ती दाबली. तिला सगळं आठवत होतं. एकदाच मनापासून हात लावला होता तिनं, पण कडेवालीच्या बोटांना एकदा पुरतं.

त्या दिवसापासून मी ढुशी आहे. मला पुन्हा कुणी वितळवलं नाही. इस्पितळात आता एक यंत्र आलंय, ते पडद्यावरचा चेहरा कडक प्लास्टिकचा काढून देतं. त्यावर कुणाचा अंगठा चालत नाही म्हणे, हे बरंच आहे. कवळीबाई निवृत्त झाल्या. कधीमधी येतात, चांगल्या कपातून चहा पितात, पावसापाण्याचं बोलून जातात. माफ केलं का तिनं त्यांना? मला विचाराल तर नाही. नणंद आली तर मला पाठमोरी बसते, आणि तिच्या हातून चमचा पडला तरी तिचा चेहरा पांढरा पडतो. कडेवाली तिला एका शब्दानं बोललेली नाही. बोलली असती तर नणंदेला सोपं गेलं असतं.

मी आता जुना झालो आहे. रंग उडाला, धूळ बसली. माझा कान ओघळला तो नवऱ्याच्या हातून. घर झाडताना त्यानं मला खिडकीत ठेवलं आणि तो विसरून गेला. दुपारी तिनं मला उचललं तेव्हा ती किंचाळली. कानाचं तिला काही नव्हतं. उन्हानं मऊ होऊन चीर मिटत आली होती. नवऱ्यानं धावत जाऊन गार पाणी आणलं आणि तो तिच्यापाशी जमिनीवर बसला. तेव्हा पहिल्यांदा तो स्वतःहून बोलला. "मी सांगायला हवं होतं," तो म्हणाला. पाण्याच्या भांड्यात मला दोघांनी मिळून धरलं होतं.

अजूनही ती रोज कामावरून आली की हात धुऊन मला मांडीवर घेते. तिचं बोट ओठावरून फिरतं आणि मी बोलून चालून मेण, रोज थोडा झिजतो. चिरेच्या कडा गुळगुळीत होतात, चीर भरत येते. मग ती अंगठ्याचं नख घेते आणि ती पुन्हा उघडते. मला दुखतं का, असं तुम्ही विचाराल. दुखलं तरी हरकत नाही, ती चीर राहिली पाहिजे.

म्हणून मित्रांनो, माझं तुमच्यापाशी एकच मागणं आहे. कधी या घरी आलात तर मला हात लावा, घाबरू नका. नाक पुसलं गेलं तरी चालेल. पण मला उन्हात ठेवू नका, आणि मायेनं म्हणूनसुद्धा कुणी माझ्या ओठावरून अंगठा फिरवू नका. तिला तिची मुलगी तेवढ्या एका जागेवरून ओळखू येते.